बाटलीतली काळोखी

खरिपाचा माल भरायची वेळ झाली, की आमच्या टपालात खतविक्रेत्यांची एकाच तक्रारीची पत्रे वाढू लागतात. कधी गेवराई, कधी माजलगाव, केज, परळी. गाव बदलते, मजकूर तोच. युरियाची गाडी हवी असेल तर सोबत टॉनिकच्या पेट्या उचला, नाहीतर पुढच्या रेकच्या वेळी बघू. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, भाडे आणि हमाली त्यातच बसवायची आणि गळ्यात मारलेल्या बाटल्या एकतर मुदत संपेपर्यंत रॅकवर ठेवायच्या, नाहीतर युरियासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पिशवीत सरकवायच्या. बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात. आणि त्या बाटलीवर आजकाल एक ओळ हमखास असते: 'प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढवते.'

खतासोबत इतर माल गळ्यात मारण्याच्या या सक्तीवर, म्हणजे लिंकिंगवर, आपण पूर्वीही लिहिले आहे. या वेळी त्या ओळीवर लिहायचे आहे, कारण लिंकिंगचा सगळा डोलारा तिच्याच आधाराने उभा आहे. ती ओळ शेतकऱ्याला पटते म्हणून बाटली खपते, आणि बाटली खपते म्हणून पुढच्या गाडीबरोबर पुन्हा येते.

कायद्याची बाजू तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये दुरुस्ती होऊन जैव उत्तेजके, म्हणजे आपली टॉनिके, सहाव्या परिशिष्टात आली. तोपर्यंत त्यांना वालीच नव्हता. कंपन्यांना तात्पुरत्या नोंदणीवर विक्रीची मुभा मिळाली, ती वेळोवेळी वाढत गेली आणि १६ जून २०२५ ला संपली. त्यानंतर जुलैमध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जो हिशेब मांडला तो प्रत्येक विक्रेत्याने गल्ल्याशेजारी लिहून ठेवावा असा आहे. वर्षानुवर्षे सुमारे ३०,००० जैव उत्तेजके बाजारात बेरोकटोक विकली जात होती. चाळण लावल्यावर त्यातली साधारण ६५० उरली. बाकीच्या बाटल्या आपणच विकल्या होत्या. त्यांचे पैसे शेतकऱ्याने दिवाळीला, कापूस-सोयाबीन विकून, उधारीच्या वहीतून चुकते केले होते.

उरलेल्यांबद्दल एक गोष्ट आपल्यातले बरेच जण बघतच नाहीत. परिशिष्टातली नोंद पिकानुसार होते. टोमॅटोवर चाचणी होऊन मान्य झालेला समुद्रशैवालाचा अर्क टोमॅटोसाठी मान्य असतो. तोच सोयाबीनवर 'चालतो' असे काउंटरवर सांगायला त्या नोंदीचा आधार नाही. आपल्या जिल्ह्याचा खरीप सोयाबीन आणि कापसावर चालतो. तेव्हा बाटली हातात घेतल्यावर आधी पीक वाचा. सोयाबीन किंवा कपाशी लिहिलेली नसेल, तर ती बाटली आपल्या गावासाठी नाही.

आता कृषी खात्याचा कारभार पाहा. गुणनियंत्रण निरीक्षक दुकानात येतो, नमुना काढतो, पंचनामा करतो, सील लावतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. प्रयोगशाळा घटक मोजते. लेबलवर ह्युमिक आम्ल अमुक टक्के लिहिले असेल, तर तेवढे आहे का, एवढे पाहते. ते भरले की नमुना 'प्रमाणित'. लेबलच्या मधोमध ठळक अक्षरांत छापलेला दावा, ज्याच्या जोरावर बाटली विकली गेली, तो कोणी तपासत नाही. बाटलीतल्या द्रवाने सोयाबीनचे पान खरोखर जास्त कार्बन डायऑक्साइड ओढते का, हे मोजायचे यंत्र त्या प्रयोगशाळेत नाही, आणि ते मोजा असे तिला कोणी सांगितलेलेही नाही. उद्या घटक कमी भरले, तर पहिली नोटीस येते ती ज्याच्या रॅकवरून नमुना उचलला त्या विक्रेत्याला. ज्याने सीलबंद पेटी उघडूनही पाहिली नाही, त्याने आधी उत्तर द्यायचे, आणि ज्याने ती भरली त्याने नंतर सवडीने.

लिंकिंगच्या तक्रारीचे याहून वाईट. तालुक्याच्या कार्यालयाकडून दर हंगामात पत्र निघते: 'खतासोबत इतर निविष्ठांची सक्ती करू नये, अन्यथा परवाना निलंबित करण्यात येईल.' पत्र कोणाला? किरकोळ विक्रेत्याला. सक्ती सुरू कुठून होते हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत असते. विक्रेता तक्रार घेऊन गेला की त्याला पुरावा मागतात. पॉस मशीनवर फक्त अनुदानित खत चढते. बाटली त्या मशीनवर येतच नाही. त्यामुळे सरकारच्या नोंदीत शेतकऱ्याने अंगठा लावला, युरियाच्या दोन गोण्या घेतल्या आणि तो घरी गेला. बाटलीचे बिल वेगळे असते, आणि पुष्कळदा ते फाडलेच जात नाही. वरच्या पायरीवरही तेच: खताचे बिल वेगळे, टॉनिकचे वेगळे, मधली सक्ती फोनवरच्या बोलण्यात. मग अहवाल जातो की जिल्ह्यात लिंकिंग आढळून आले नाही.

पुरावा असतो. तो शोधायला निरीक्षकाने किरकोळ दुकानाऐवजी घाऊक विक्रेत्याच्या गोदामात जायला हवे. एकाच तारखेची दोन बिले, एकाच गाडीची बिल्टी आणि तालुक्यातल्या पंधरा-वीस दुकानांत युरियाच्या टनांशी ठरावीक प्रमाणात उतरलेल्या पेट्या, हे एका कागदावर मांडले तर कोणाच्या जबाबाची गरज उरत नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाने हे येत्या जूनच्या आत करावे. खत नियंत्रण आदेश आहे, जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ आहे, अधिकार पुरेसे आहेत. कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी झाले, पदनामाचे फलक बदलले. तपासणीची वाटही आता बदलू द्या.

पण सगळा दोष खात्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. काउंटरच्या अलीकडे आपण उभे आहोत. शेतकरी येऊन म्हणतो, "भाऊ, पिकाला काळोखी नाही, कायतरी चांगलं द्या. पंपाला किती टाकू तेवढं सांगा." त्याला हवा असतो पानांचा गडद हिरवा रंग. त्या क्षणी आपल्याला पान कसे चालते हे आठवायला हवे. आपल्यातल्या अनेकांनी देसी पदविका केली आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेला, निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा हा ४८ आठवड्यांचा अभ्यासक्रम. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी वर्गात बसलो, वह्या भरल्या, प्रमाणपत्र भिंतीवर लावले. त्या वह्यांत पर्णरंध्रे होती, हरितद्रव्य होते, सी-३ आणि सी-४ पिके होती. काउंटरवर त्यातले काय उरले?

मूळ पाठ पुन्हा सांगत बसत नाही. प्रश्न असा आहे की आपल्या जिल्ह्यातल्या पानाचे काम नेमके कुठे अडते.

भर दुपारी, स्वच्छ उन्हात, सोयाबीनच्या शेंड्याकडच्या पानाला उजेड कमी पडत नसतो. सोयाबीन आणि कापूस ही सी-३ पिके. त्यांच्या वरच्या पानाला पूर्ण उन्हाच्या निम्म्याच्याही आत पोटभर प्रकाश मिळतो. त्यापुढचे ऊन त्याला वापरता येत नाही. म्हणजे तिथे हरितद्रव्य आणखी गडद करून हाती फार काही लागत नाही. काम अडते पुढच्या पायरीवर, कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराशी. हा विकर संथ आहे, सेकंदाला जेमतेम दोन-चार रेणू हाताळतो, आणि तो चुकतोही. कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायू पकडतो, आणि मग केलेले काम मोडून पुन्हा करावे लागते. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात. सी-३ पिकाच्या कमाईचा साधारण चौथा हिस्सा त्यात जातो. तापमान चढले की आणखी जातो. आपल्याकडच्या ऑगस्टमधल्या उघडिपीत दुपारी नेमके हेच होत असते.

ऊस, ज्वारी, बाजरी, मका या सी-४ पिकांनी हा प्रश्न सोडवला आहे. त्यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीत धरला जातो आणि शिरेभोवतीच्या दुसऱ्या पेशीत नेऊन रुबिस्कोजवळ दाट केला जातो, त्यामुळे प्राणवायूला शिरकाव मिळत नाही. हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात १९६६ मध्ये हा मार्ग मांडला, तो उसाच्या पानावर काम करून. ज्या पिकाच्या फडात आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे कोयता घेऊन जातात, त्याच पिकाच्या पानात हे गुपित सापडले. ही रचना पेशींच्या मांडणीत आहे. जगभरातले शास्त्रज्ञ कित्येक वर्षे भाताला सी-४ करण्यासाठी झटत आहेत आणि अजून ते साधलेले नाही. फवारलेल्या कोणत्याही द्रवाने सोयाबीनच्या पानाची मांडणी उसासारखी होत नाही. 'प्रकाशसंश्लेषण ४० टक्के वाढते' असे सांगणाऱ्या प्रतिनिधीला एवढेच विचारा: यातली कोणती पायरी वाढते, आणि ती कोणी, कोणत्या पिकावर, कशाने मोजली?

दुसरी अडचण पाण्याची. आष्टी, पाटोदा, शिरूर कासारच्या हलक्या मुरमाड रानात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की झाड पर्णरंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही त्याच दारातून यायचा असतो, तो बंद होतो. पान हिरवे राहते आणि कमाई थांबते. अशा वेळी कोणी बाष्पीभवन रोखणारी बाटली विकतो आणि तिच्यावरच प्रकाशसंश्लेषण वाढवण्याचा दावा छापलेला असतो. रंध्रे मिटवायची आणि कर्बग्रहणही वाढवायचे, ही दोन्ही कामे एका बाटलीतून होत नाहीत. बाष्पीभवन रोखणे हा खंडाच्या काळात पीक तगवायचा रास्त उपाय असू शकतो. मग तेवढेच सांगून विका.

तिसरी अडचण उलटी, आणि तिची आठवण अजून ताजी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा, मांजरा आणि गोदावरीच्या पुराने जिल्ह्याचे जे केले ते तुम्ही पाहिले. पण नदीकाठापासून दूर, जिथे जमीन खरडून गेली नाही, तिथेही काळ्या रानात दिवसेंदिवस पाणी साचून राहिले. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही. मूळ गुदमरले की पाणी आणि नत्र उचलणे मंदावते, सोयाबीनच्या गाठी काम सोडतात, आणि पाण्यात उभे असलेले झाड पर्णरंध्रे मिटते. पान पिवळे पडते ते नंतर. पहिले काही दिवस शेत लांबून हिरवेगार दिसते. त्याच दिवसांत आपल्या दुकानांत टॉनिकची विक्री जोरात झाली. त्या पिकाला हवा होता तो चर काढून पाण्याला दिलेला उतार, आणि वाफसा आल्यावर मुळाशी गेलेली हवा. कपाशीत पावसानंतर कडक ऊन पडून झाडे अचानक मलूल झाली, तेव्हाही आधी पाणी काढायला आणि मग लगेच बुडाशी आळवणी करायला सांगायचे होते. जे विक्रेते असे सांगून शेतकऱ्याला टिकाव-फावड्याकडे परत पाठवत होते, त्यांचा त्या आठवड्याचा गल्ला कमी भरला असेल. त्यांचे गिऱ्हाईक टिकेल.

रंग खरोखरच आजाराची खूण असतो तिथे फवारणीने फरक पडतो, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. आपल्या चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या जमिनीत सोयाबीनची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. हरितद्रव्य तयार व्हायला आणि पानातली ऊर्जा पुढे सरकवायला लोह लागते, आणि ते जुन्या पानांतून नव्यात जात नाही. १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट, सोबत थोडे सायट्रिक आम्ल. कपाशीची खालची पाने ऑक्टोबरमध्ये लालसर होऊ लागली तर नत्र आणि मॅग्नेशियमकडे बघा. बोंडांचा भार आणि रात्रीचा गारवा त्यात भर घालतो. १० लिटरला १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, गरजेप्रमाणे २०० ग्रॅम युरिया. हे आपल्या विद्यापीठांच्या शिफारशींतले जुने, स्वस्त आणि पारखलेले उपाय आहेत. पुष्कळ बाटल्यांनी चार दिवसांत जी काळोखी येते ती त्यांच्यातल्या लोह, मॅग्नेशियम किंवा नत्रामुळेच येते. मग तीच क्षारे किलोच्या भावाने का देऊ नयेत?

उलट, कमतरता नसताना काळोखी वाढवली तर पीक माजते. काळ्या कसदार रानातले, आधीच गुडघ्याच्या वर गेलेले सोयाबीन आणखी पालेदार झाले की वरचा पाला खालच्या पानांचा उजेड अडवतो. खालच्या पानाची कमाई त्याच्या स्वतःच्या श्वसनाच्या खर्चाखाली गेली की ते पिवळे होऊन गळते. पेरे लांबतात, झाड लोळते, फुले गळतात. सोयाबीनचे वजन ठरते ते शेंगा भरण्याच्या काळात सगळ्या पाल्याने मिळून किती प्रकाश वापरला त्यावर. तो वाढवायचा मार्ग फवारणीच्या पंपातून जात नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरची पेरणी, उगवणक्षमता तपासलेले बी, रुंद वरंबा-सरी, ४५ सेंटिमीटरच्या ओळी, पहिल्या ३०-४५ दिवसांत तणमुक्त रान. जमीन वेळेत पाल्याने झाकली गेली आणि पाणी साचले नाही, तर प्रकाशसंश्लेषण आपोआप वाढते. यातली एकही गोष्ट पेटीत भरून येत नाही, म्हणून ती सांगायला कोणी प्रतिनिधी येत नाही. ती आपणच सांगायची आहे.

पैशाचा हिशेब मांडून बघा. एकराला ६०० रुपयांची बाटली धरली, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ती साधारण सव्वाअकरा किलो सोयाबीन खाते. बाजारात भाव हमीभावाच्या खाली असला तर जास्तच, आणि फवारणीची मजुरी वेगळी. बाटली फुकट जाऊ नये म्हणून एकराला निदान तेवढे उत्पादन वाढले पाहिजे. एका एकरात अकरा-बारा किलोंचा फरक जगातल्या कोणत्याही डोळ्याला दिसत नाही. काळोखी मात्र बांधावरूनही दिसते. म्हणूनच तिच्यावर धंदा चालतो. शेतकरी चौथ्या दिवशी रंग पाहतो, समाधानाने पुन्हा बाटली नेतो, आणि खळ्यावर वजन करताना तुलना कशाशी करायची हे त्याच्याकडे उरत नाही, कारण सगळ्या रानावर फवारलेले असते.

तेव्हा विक्रेते बंधूंनो, येत्या खरिपात एक काम करा. बाटलीच्या टार्गेटवर मिळणाऱ्या सहलींपेक्षा ते जास्त उपयोगी आहे. दरवर्षी ज्यांच्या रानात तुम्ही जाता अशा एका शेतकऱ्याला विश्वासात घ्या. आधी पीक वाचायला सांगितले आहेच; ज्या बाटलीवर त्याचे पीक लिहिलेले आहे आणि जी तुम्ही मनापासून विकता, तीच घ्या. त्याच रानात तीन वेगवेगळ्या जागी चार-चार ओळी सोडा. त्या ओळींवर त्याच दिवशी, तेवढेच, साधे पाणी फवारा. खत, कीटकनाशक, खुरपणी सगळे बाकी रानासारखेच ठेवा. काठावरच्या ओळी घेऊ नका. कापणीला प्रत्येक सोडलेल्या जागेतल्या मधल्या दोन ओळी दहा मीटर लांबीवर वेगळ्या कापा. शेजारच्या फवारलेल्या ओळींचेही तसेच करा. वाळवून, मळून, दुकानातल्या काट्यावर वजन करा. शेतकऱ्याला समोर उभे करून करा. खामगाव आणि अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रांतल्या शास्त्रज्ञांना मांडणी एकदा दाखवून घ्या. त्यांनीही आता काउंटरपर्यंत यायला हवे.

ज्यांना गाडीसोबत पेट्या घ्याव्याच लागल्या, त्यांनी 'स्वेच्छेने घेतले' अशा कोणत्याही कागदावर सही करू नये, आणि दोन्ही बिलांच्या व बिल्टीच्या प्रती आमच्याकडे पाठवाव्यात. त्या आम्ही तालुकानिहाय एकत्र करून अधीक्षक कार्यालयात पोच घेऊन देऊ. पाठवणाऱ्या दुकानाचे नाव बाहेर जाणार नाही. जे 'माझ्या एकट्याने काय होणार' म्हणून दरवर्षी गप्प बसतात त्यांना सांगणे आहे, की तुमच्या गप्प बसण्यानेच शेजारच्या दुकानदाराची तक्रार एकटी पडते.

चाचणीच्या ओळी पहिल्या फवारणीच्या आधीच खुणा करून सोडाव्या लागतील, त्यामुळे शेतकरी आत्ताच निवडा. वजनाचे आकडे दसऱ्यानंतर पंधरा दिवसांत पोहोचवा. सोबत वाण, पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार, उत्पादनाचे नाव आणि लॉट नंबर लिहा. फायदा दिसला तरी पाठवा, नाही दिसला तरी पाठवा. दोन्ही प्रकारचे आकडे आम्ही दिवाळीनंतरच्या अंकात सारखेच छापू.